महाडच्या बायकांचं लुगडं कोण रंगवणार?

14 एप्रिल जवळ आली की हिंगोलीत फ्लेक्सवाल्याकडे आमच्या पोरांची गर्दी होते. चित्र इंटरनेटवरून उतरवलेलं, तेच ते: निळा सूट, हातात संविधान, मागे संसद. महाडचा सत्याग्रह असला तरी तळ्याकाठी बाबासाहेब एकटेच. सोबतची हजारो माणसं गेली कुठे?

म्हणून डिजिटल पेंटिंग शिकणाऱ्या पोरापोरींना आम्ही कॉन्सेप्ट आर्टकडे वळा म्हणतो. सिनेमा किंवा गेम बनण्याआधी त्यातली माणसं, कपडे, घरं, उजेड कसा दिसेल हे हाच चित्रकार ठरवतो. डिसेंबर 1927 मध्ये महाडलाच बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, अंगावरचे तसले दागिने टाका. मग ते ऐकण्याआधी लुगडं कुठवर होतं आणि नंतर कुठवर? हे कुठलं सॉफ्टवेअर सांगणार नाही. वाचावं लागेल, आजीला विचारावं लागेल.

दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी 2011 च्या 'भीमायन'मध्ये कॉमिकच्या चौकोनी चौकटीच नाकारल्या. बाबासाहेबांची गोष्ट त्यांनी आपल्या हाताने सांगितली, दुसऱ्याची नक्कल केली नाही.

'आधी स्पर्धा परीक्षा द्या, चित्रानं पोट भरतं का?' असं आमचेच लोक विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण डीजेवर उडणाऱ्या पैशाला तो कुणी विचारत नाही. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. यंदाच्या वर्गणीतून जयंती मंडळांनी विहाराच्या वाचनालयात एक संगणक आणि एक पेन टॅबलेट ठेवावा, एवढंच आमचं मागणं आहे.