‘डॉक्टर, या वयात पळता कशाला?’

परवा सकाळी घामाघूम होऊन घरी परतत होतो, तेव्हा कासारवाडी स्टेशनजवळ एक जुने पेशंट भेटले. ‘डॉक्टर, या वयात पळता कशाला? गुडघे जातील की!’ हे गृहस्थ गेल्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाले. तेव्हापासून वजन सात किलो वाढले, झोप उडाली आणि साखर प्रथमच दोनशेच्या वर गेली.

मला त्यांना हसता येईना. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझाच रक्तदाब १५०/९६ निघाला होता. लोकांना ‘चालायला जा’ सांगणारा मी स्वतः खुर्चीतून उठत नव्हतो. सुरुवातीला एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, एवढेच झेपे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, पण तिचे ४२.१९५ किलोमीटर माझ्याच्याने व्हायचे नाहीत आणि पदकाची हौसही नाही. आठवड्यातून चार दिवस अर्धा-पाऊण तास मला पुरतो. (रक्तदाबाची गोळी चालूच आहे. पळतो म्हणून गोळी परस्पर सोडू नये.)

बेताने, हौसेने पळणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा अधिक झिजतात, असे अभ्यासांत दिसत नाही. गुडघा आधीच दुखत असेल तर मात्र चालणेच बरे. पळताना छातीत दडपण आले, तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणू नका. तिथेच थांबा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा. आणि हो, बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभरात पाऊल थोडे फुगते.

माझा दुसरा नाद खरेदीचा. पुण्यात कसबा पेठेजवळच्या तांबट आळीत ठोक्याची भांडी पाहत मी तासभर रमतो. सौ. म्हणते, घरात माणसे तीन आणि तांबे सात! तांब्यात पाणी ठेवा. पण कल्हई नसेल तर ताक, सरबत ठेवू नका.

तिसरा नाद चित्रांचा. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांचे प्रदर्शन पाहिले. घड्याळ, पान अशा साध्या वस्तू, आणि रंग चक्क एनॅमल. फारसे कळले नाही, पण दोन तास दवाखाना आठवला नाही. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी आली. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या सहा हजारांहून अधिक माणसांवर १४ वर्षे लक्ष ठेवले होते. दर काही महिन्यांनी नाटक, संग्रहालय, प्रदर्शन पाहणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३१ टक्के कमी आढळला. मी यावर फार उड्या मारणार नाही. ज्याची तब्येत आणि खिसा बरा, तोच प्रदर्शनाला जातो, हेही खरे. संशोधकांनी त्याचा हिशेब धरला असला तरी तो पुरता धरता येत नाही.

पण आपल्या पट्ट्यात तीस-तीस वर्षे तीन पाळ्यांत राबलेल्या माणसाला ‘तुम्हाला काय आवडते?’ असे कोणी विचारलेलेच नसते. आम्ही डॉक्टरही विचारत नाही. साखर विचारतो, जेवण विचारतो. हल्ली मी केसपेपरवर तेही लिहून घेतो.

त्या गृहस्थांना विचारले, तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मी पेंटशॉपला होतो.’ मी त्यांना बरव्यांच्या चित्रांचे पुस्तक दाखवले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एक पान डोळ्यांजवळ धरले. ‘एनॅमल म्हणता? ते ओघळू न देणे सोपे नाही, डॉक्टर. हे पुस्तक दोन दिवस नेऊ का?’



आता तीन आठवडे झाले. पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे.