गावाने राखलेली इगर्ज

गोव्याचा इतिहास म्हटला की आपली सहल जुन्या गोव्याला जाते आणि तिथूनच परत फिरते. तिसवाडीतल्याच तळावली गावची सांतानाची इगर्ज पाहायला सहसा कोणी थांबत नाही. वास्तविक या दोन जागा एकत्र पाहिल्या तरच एक मोठा धडा हाती लागतो.

जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन संन्याशांचे भव्य चर्च होते. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, संन्यासी गेले, वास्तू ओस पडली. १८४२ साली तिचे कमानी छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग पडला. आज उरला आहे तो अर्धा मनोरा. सांतानाची इगर्ज १६८१ ते १६९५ या काळात त्याच धर्तीवर बांधली गेली. तिचा पाच मजली दर्शनी भाग आणि दोन्ही मनोरे मात्र अजून उभे आहेत.

चिरा तोच, चुना तोच. मग एक पडले आणि दुसरे का राहिले? माझ्या मते, पहिले संघाचे होते, दुसरे गावाचे. बारसे, लग्न, अंत्यविधी सगळे तिथेच. २६ जुलैच्या फेस्ताला मूल व्हावे म्हणून लोक काकडी वाहतात. जिथे माणसांचा राबता असतो, तिथले गळके छप्पर फार दिवस दुर्लक्षित राहत नाही.

काही मित्र म्हणतात, ही परकीय सत्तेची खूण, तिची काळजी आपण का करावी? सोळाव्या शतकात इथली देवळे पाडली गेली, मंगेश आणि शांतादुर्गा यांना नदीपलीकडे न्यावे लागले, हे विसरा असे मी म्हणत नाही. पण चिरे फोडणारे आणि चुना मळणारे हात इथल्याच माणसांचे होते. पुढे फोंड्याच्या देवळांच्या घुमटांत आणि कमानदार खिडक्यांत त्याच शैलीच्या खुणा उतरल्या. सत्ता परकी असेल, घाम परका नव्हता.

आज धोका वेगळा आहे. चिरा पावसाचे पाणी पितो. चुन्याचा गिलावा ते पुन्हा बाहेर सोडतो, सिमेंट मात्र आत कोंडून ठेवते आणि भिंत आतून कुजते. म्हणून जुन्या इगर्जीची असो वा देवळाची, दुरुस्ती चुन्यानेच व्हावी. आपल्या इतिहास विभागाने दरवर्षी एका गावाची वास्तू निवडून तिची मोजमापे घ्यावीत आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या वृद्ध गवंड्यांकडून ते लिहून घ्यावे. पुस्तकातल्या सनावळ्या कुठेही मिळतील. गवंड्याची विद्या त्याच्याबरोबर जाईल.