पिकअपच्या हवेचा आकडा मालकाने ठरवायचा, ड्रायव्हरने नाही



धंद्यासाठी पिकअप घेताना आपण काय काय विचारतो? डाउन पेमेंट किती, हप्ता किती, अ‍ॅव्हरेज किती, पासिंग किती टनाचं. पण "मागच्या टायरला हवा किती ठेवायची?" असं शोरूममध्ये विचारणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मी स्वतःही विचारलं नव्हतं. त्याची किंमत एका सकाळी दिवे घाटात मोजली, म्हणून आजचा विषय हवा.

हडपसरला माझं सिमेंट आणि हार्डवेअरचं दुकान आहे. सासवडकडच्या एका गिऱ्हाइकाचा त्या दिवशी स्लॅब होता. गाडी दीड टनाची, माल ५० किलोची ३० पोती, म्हणजे १५०० किलो. कागदावर सगळं नियमात. सकाळी गाडी निघाली, फुरसुंगी, वडकी मागे टाकली आणि घाट चढायला लागल्यावर फोन आला. "शेठ, मागचा डावा फुटला."

नशीब, कोणाला लागलं नाही. स्टेपनी होती, पण तिच्यातही हवा नव्हती! तीन तास गेले. तिकडे मिक्सर भाड्याने आणलेला, सेंट्रिंग तयार, मजूर बसून. स्लॅब अर्धा टाकून थांबवता येत नाही, हे बांधकामातल्या कोणालाही विचारा. गिऱ्हाइकाने सासवडमधून रोखीने सिमेंट उचललं. पुढे त्या घराचं प्लंबिंगचं सामान, टाइल्सचं केमिकल, सगळं तिकडूनच गेलं. टायर साडेसहा हजारांचा होता. गिऱ्हाईक केवढ्याचं होतं, ते मी अजून मोजतोय.

मी ड्रायव्हरला भरपूर झाडलं. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, काल रिकामी येताना गाडी लई उडत होती, म्हणून मागची हवा थोडी सोडली. किती ठेवायची ते तुम्ही कधी सांगितलंच नाही ना."

मी गप्प. बीबीएला कॉस्टिंग शिकलो, पण ज्या चार टायरवर माझा माल फिरतो त्यांचा आकडा मला माहीत नव्हता. ज्या गोष्टीचा आकडा मालकाने सांगितला नाही, तिची चूक ड्रायव्हरच्या माथी मारता येत नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे.

पिकअपला हे जास्त का लागू पडतं?

कारमध्ये दोन माणसं असोत की पाच, वजनात फार फरक पडत नाही. पिकअपचं तसं नाही. सकाळी मागे दीड टन, संध्याकाळी शून्य. लोड मुख्यतः मागच्या अ‍ॅक्सलवर येतो, म्हणून पुढची आणि मागची हवा वेगळी असते. मागच्या टायरला कारच्या जवळपास दुप्पटसुद्धा हवा लागू शकते. "चारही टायरला सारखी मार" असं पंपावर सांगत असाल, तर तिथेच चुकतंय.

आकडा कुठे मिळेल? ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. बऱ्याच मालवाहू गाड्यांना रिकामी आणि भरलेली असे वेगळे आकडे दिलेले असतात. सेकंडहँड गाडी घेतली आणि स्टिकर गेलाय? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि टायरचा साइज सांगून विचारा. आधीच्या मालकाने टायरचा साइज बदलला असेल तर जुना स्टिकर चालणार नाही, टायरच्या डीलरकडून लोडप्रमाणे आकडा घ्या. आणि टायरच्या बाजूवर जो 'मॅक्स' आकडा छापलेला असतो, ती टायरची कमाल मर्यादा. तुमच्या गाडीसाठीची शिफारस तिथे नसते.

तीन समज, जे महागात पडतात

पहिला: "उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल." उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकली की तापते आणि लोडखाली तापलेला टायर फुटतो. चालल्यावर हवा चार-पाच पीएसआय वाढलेली दिसणं साहजिक आहे. ते बघून गरम टायरची हवा सोडू नका. हवा मोजायची ती सकाळी, गाडी निघायच्या आधी.

दुसरा: "थोडी जास्तच मारा, गाडी हलकी पळते." टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, मधलाच भाग घासतो आणि पावसात ब्रेक लांबतो. सोलापूर रोडवर पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला की हे कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

तिसरा: "अनुभवी ड्रायव्हरला टॉमी मारून आवाजावरून कळतं." टायर बसलाय की नाही एवढं कळतं. ४५ आहे की ६०, हे कानाला कळत नाही. त्याला गेजच लागतो.

चार-पाच पीएसआयने काय होतंय, असं वाटेल. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर रस्त्यात फाटून दोनशेहून जास्त माणसं गेली आणि २००० साली सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. टायरच्या बनावटीवर बोट ठेवलं गेलंच, पण त्यासोबत दोन्ही कंपन्यांत हवेवरूनही वाद झाला. फोर्डची शिफारस २६ पीएसआय होती, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी होती. तिथे भांडण चार पीएसआयचं होतं. आपण नोझल दाबून अंदाजे दहा-पंधरा सोडून मोकळे होतो.

पैशाचं गणित, खरं खरं

"हवा बरोबर ठेवा, डिझेलचे हजारो रुपये वाचवा," असं मी सांगणार नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा पेट्रोल गाड्यांसाठीचा अंदाज असा, की टायरमध्ये सरासरी १ पीएसआय हवा कमी झाली की मायलेज ०.२ टक्के घटतं. आपल्या गाडीलाही तोच धरू. रोज ८० किलोमीटर, अ‍ॅव्हरेज १२, महिन्याला २६ दिवस. साधारण १७३ लिटर डिझेल. ९० रुपयांनी १५,६०० रुपये. हवा १० पीएसआय कमी असेल तर दोन टक्के, म्हणजे महिन्याला ३०० रुपयांच्या आसपास. वाचले तर चांगलंच, पण त्याने धंदा तरत नाही.

खरं नुकसान दोन ठिकाणी आहे. एक, टायर वेळेआधी बाद होतो. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी राहत होती, मधला भाग घासला असेल तर जास्त. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर कायद्यानेही चालत नाही. आणि दोन, फुकट गेलेला दिवस. छोट्या धंद्याकडे दुसरी गाडी नसते. गाडी थांबली की दुकान थांबलं.

मग करायचं काय?

मी आता हे करतो:

१. दोन आकडे, पुढचा आणि मागचा, ऑइलपेंटने चाकांच्या वर लिहिलेत. नवा ड्रायव्हर आला तरी विचारायला नको.

२. दिवसातल्या सगळ्यात जड फेरीचा आकडा ठेवायचा. रिकामी येताना गाडी उडेल, उडू दे. वेग कमी करायचा, हवा सोडायची नाही.

३. गाडीत स्वतःचा गेज. दर सोमवारी सकाळी दुकानाच्या दारात, स्टेपनीसकट पाच टायर, आकडे वहीत. पंपावर हवा फुकट आहे, वेळ पाच मिनिटं.

४. एकच टायर दर आठवड्याला कमी दाखवत असेल तर हवा भरत बसायचं नाही, पंक्चर किंवा व्हॉल्व्ह बघायचा.

५. ३० ऐवजी ४० पोती टाकायची असतील तर जास्त हवा हा त्यावरचा उपाय नाही. हवेने गाडीची क्षमता वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो. दोन फेऱ्या करा.

काहीजण म्हणतील, "एवढं लक्ष मालकाने घालायचं, तर ड्रायव्हरला पगार कशाचा?" गाडी चालवण्याचा. हवा तपासायचं काम त्याला जरूर द्या, माझ्याकडेही तोच करतो. पण किती ठेवायची हा निर्णय तुमचा. माल तुमचा, गिऱ्हाईक तुमचं, हप्ता तुमचा.

आणि हो, तो ड्रायव्हर आजही माझ्याकडेच आहे. सोमवारची वही तोच भरतो. एखाद्या सोमवारी मी विसरलो तर आवाज देतो, "शेठ, हवा!"

उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी दार उघडून तो स्टिकर वाचा. धंद्यातली बरीच नुकसानं अशीच असतात: आकडा गाडीवर लिहिलेला असतो, वाचलेला नसतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, मोजून करा.