परंपरा हे जीवनसत्त्व नव्हे

मुलांच्या पोषणाची राष्ट्रीय आकडेवारी प्रसिद्ध झाली की लगेच दोन फळ्या उभ्या राहतात. एक म्हणते, ‘मांसाशिवाय मूल वाढतच नाही.’ दुसरी म्हणते, ‘वरणभात आणि पालेभाजीत सारे काही आहे.’ दोन्ही विधाने चुकीची आहेत. पण दुसरे अधिक घातक, कारण ते श्रद्धेने उच्चारले जाते आणि म्हणून तपासले जात नाही.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. विचारपूर्वक आखलेल्या शाकाहारावर मूल निरोगी वाढू शकते. तांदूळ-गव्हात कमी पडणारे लायसिन डाळी पुरवतात, डाळींत कमी पडणारे मेथिओनिन धान्ये पुरवतात. जेवणात लिंबू पिळले की वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते.

खरी अडचण जीवनसत्त्व बी-१२ ची आहे. ते कोणतीही वनस्पती तयार करत नाही; काही सूक्ष्मजीवच करतात. आपल्यापर्यंत ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून पोहोचते. शेवग्याच्या पाल्यात ते नाही, मोड आलेल्या मटकीतही नाही. स्पिरुलिनातले त्याचे रूप बहुतांशी मानवी शरीराच्या उपयोगाचे नसते. प्रौढाच्या यकृतातला साठा काही वर्षे पुरतो. मातेतच कमतरता असेल तर तान्ह्या बाळाकडे तो साठाच नसतो. अशा बाळांत शिकलेल्या हालचाली हरपणे आणि अंगाला कंप सुटणे ही लक्षणे भारतीय बालरोगतज्ज्ञांना दीर्घकाळ परिचित आहेत.

पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी होते. फोलेटची उणीव मात्र जवळपास कोणातच नव्हती. ज्या मातांत बी-१२ सर्वांत कमी आणि फोलेट सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध सर्वाधिक आढळला. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या ३१ टक्के मुलामुलींत बी-१२ ची कमतरता नोंदली गेली. तरीही रक्तक्षयाविरुद्धच्या सरकारी गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते. फॉलिक आम्लाने रक्ताचे चित्र सुधारते; बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहू शकते.

अशा देशात शालेय आहारातील अंडे हा वादाचा विषय व्हावा, हे लाजिरवाणे आहे. तमिळनाडूत ते वर्षानुवर्षे मुलांच्या ताटात आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी थांबवला. अंडे नाकारण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबाला आहे. शेजारच्या मुलाचे अंडे काढून घेण्याचा नाही. ज्या घरांत मांस निषिद्ध नाही, पण परवडतही नाही, त्या घरच्या मुलांवर दुसऱ्यांचा शाकाहार लादणे याला सात्त्विकता म्हणत नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. सरकारी गोळीत बी-१२ घाला. शाळेत अंडे द्या आणि न खाणाऱ्या मुलांना दूध द्या. मुलांना शाकाहारी वाढवणाऱ्या पालकांनी, विशेषतः गरोदर मातांनी, रक्ततपासणी करून वैद्यकीय सल्ल्याने पूरक मात्रा घ्यावी. शाकाहार हा विवेकाचा निर्णय असेल, तर त्याचा हिशेबही विवेकानेच ठेवावा लागेल.