वरणाची वाटी आणि तुरीचे शिवार

घाटकोपरहून ट्रॉम्बे हाकेच्या अंतरावर आहे. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव काढले की लोकांना अणुभट्टी आठवते. तूर कोणालाच आठवत नाही. परंतु याच केंद्रात किरणोत्साराच्या साहाय्याने बियाण्यात पालट घडवून तुरीचे नवे वाण निर्माण झाले. १९८३ साली 'ट्रॉम्बे विशाखा-१', २००७ साली 'टीटी-४०१' आणि २०१३ साली अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने 'पीकेव्ही तारा' हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. मराठवाड्यात बदनापूरच्या संशोधन केंद्राने मर व वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारा 'बीएसएमआर-७३६' दिला. शास्त्रज्ञांनी आपले कर्तव्य चोख बजावले आहे. मग आमच्या उपनगरांतील वरण पातळ का?

वरणभात हा काही गरिबाने नाइलाजाने पत्करलेला आहार नव्हे. तूरडाळीत शेकडा वीस-बावीस भाग प्रथिने असतात. भातात जे लायसिन कमी पडते ते डाळ पुरविते आणि डाळीत जे मेथिओनिन उणे असते ते भात भरून काढतो. डाळ महागली म्हणून अंधेरीची वा मुलुंडची गृहिणी ती शिजविणे थांबवीत नाही. ती वरणात पाणी वाढविते. त्या पाण्याची किंमत मुलांच्या वाढत्या अंगाला मोजावी लागते.

२०१५ साली तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि ग्राहक हवालदिल झाला. तो भाव पाहून पुढील खरिपात शेतकऱ्याने तूर पेरली. पाऊस चांगला झाला, पीक उदंड आले आणि बाजारभाव कोसळला! बोनससह हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये होता. पण २०१७ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांपुढे तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या आणि बारदानाअभावी खरेदी अडली. एका वर्षी खाणारा नाडला, दुसऱ्या वर्षी पिकविणारा. याला काय नियोजन म्हणावे?

तूर पाच-सहा महिने शेत अडविते; सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत पैसा देते. हमी नसेल तर कोरडवाहू शेतकऱ्याने तुरीचा जुगार का खेळावा? केंद्र सरकारने २०२५ साली कडधान्यांच्या स्वयंपूर्णतेसाठी सहा वर्षांची मोहीम जाहीर केली आणि तीत तूर, उडीद व मसूर यांवर भर दिला. हे स्वागतार्ह आहे. परंतु केवळ घोषणेने शेंगा भरत नाहीत. पेरणीपूर्वी खात्रीचे बियाणे गावोगाव पोचले पाहिजे. म्यानमार व पूर्व आफ्रिकेतून किती तूर आणावयाची याचा निर्णय सरकारने मृगापूर्वी जाहीर केला पाहिजे. हमीभावाने घेतलेली तूर वखारीत न कुजविता तिची डाळ उपनगरांतील शिधावाटप दुकानांतून वाजवी दराने विकली पाहिजे.

लातूरचा शेतकरी आणि बोरिवलीचा चाकरमानी यांचे हित परस्परविरोधी नाही. दोघांनाही स्थिर भाव हवा आहे. ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेपासून शिवारापर्यंतची वाट शास्त्रज्ञांनी मोकळी केली. शिवारापासून आमच्या चुलीपर्यंतची वाट सरकारने मोकळी करावी, हीच आमची मागणी आहे.