शेती शिकलेला हक्कांचा वकील

शेतकरी बंधूंनो, सासवडचे वि. म. तारकुंडे १९२९ साली पुण्याच्या शेती कॉलेजातून पदवीधर झाले. पुढं विलायतेत बॅरिस्टर, १९५७ ते १९६९ मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती. आणीबाणीत माणसं विनाचौकशी तुरुंगात डांबली गेली, तेव्हा १९७६ साली जयप्रकाशजींबरोबर त्यांनी नागरी हक्कांची संघटना उभारली. २००४ साली ते वारले.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्या सातबाराशी काय संबंध? आहे. बाजू ऐकल्याबिगर निकाल नको, हेच तत्त्व फेरफाराच्या नोटिशीमागं आहे. नोटीस खुंटीला अडकवू नका. मुदतीत लेखी हरकत द्या, पोच मागा. आणि तलाठी भाऊसाहेब, पोच देणं ही मेहेरबानी नव्हे, तो शेतकऱ्याचा हक्कच आहे.