सहा रात्री, सात दिवस

दिवाळी जवळ आली की आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीतील टेबलावर रंगीत पत्रके येऊन पडू लागतात. 'लेह-लडाख! सहा रात्री, सात दिवस. अस्सल मराठी जेवण. शिक्षकांना खास सवलत.' वर निळ्याशार तळ्याचे चित्र. त्या तळ्याच्या काठी माझ्या दाजींनी एक रात्र काढली. ती रात्र आठवली की ही पत्रके माझ्या डोक्यात जातात. म्हणून हा लेख. याच अंकाच्या मागच्या पानांत अशी एखादी जाहिरात असेल तर संपादकांनी मला क्षमा करावी. ज्यांना लेख कडवट वाटेल त्यांनी खुशाल पुढचे पान उलटावे. तिथे बहुधा कविता असेल.

प्रवासाला माझा विरोध नाही. येळ्ळूरचा गड, कलानंदीगड, पारगड मी मुलांना घेऊन अनेकदा चढलो आहे. माणसाने घराबाहेर पडावे, चार मुलुख पाहावेत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. माझे भांडण आहे ते मुलुख 'उरकण्याच्या' पद्धतीशी. शिवाय त्या पद्धतीत मीही एकदा सामील होतो, तेव्हा हे भांडण थोडेफार स्वतःशीही आहे.

लडाख पर्यटकांना खुले झाले १९७४ साली. पुढे २००९ च्या डिसेंबरात एक हिंदी चित्रपट आला, त्याच्या शेवटी पँगाँगचे तळे दिसले, आणि तेव्हापासून ते तळे पाहिल्यावाचून मध्यमवर्गीयाच्या जन्माचे सार्थक होईनासे झाले. २०११ च्या जनगणनेत साऱ्या लडाखची वस्ती पावणेतीन लाख भरली होती. २०२२ साली तिथे पाच लाखांहून अधिक पर्यटक येऊन गेले, आणि त्यांतले बहुतेक मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. बेळगावात पाच महिन्यांत बेळगावाच्या दुप्पट पाहुणे उतरले तर राकसकोपच्या पाण्याचे काय होईल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. आपल्याकडे मे महिन्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, हे मी आपल्याला सांगायला नको.

लेहला वर्षाकाठी पाऊस पडतो तो सुमारे १०० मिलिमीटर. आंबोलीत आषाढातल्या एखाद्या दिवशी याहून अधिक पडतो. लडाख हे वाळवंटच आहे, फक्त थंड. तिथली शेती आणि तिथले पिणे चालते ते वितळलेल्या बर्फावर. असे असताना आमच्या गटातील एका काकूंनी लेहच्या हॉटेलात पहिल्याच सकाळी तक्रार केली ती कोणती? गरम पाणी तिसऱ्या बादलीला कोमट झाले! घरी हंडे-कळशा मांडून नळाची वाट पाहणारी माणसे परमुलखात गेली की संस्थानिक होतात, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. पैसे मोजले आहेत, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. पैसे हॉटेलवाल्याला मोजले, बर्फाला नव्हे.

आता दाजींची गोष्ट. २०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही निघालो. मी, माझी पत्नी, थोरली बहीण (तिला आम्ही आक्का म्हणतो) आणि तिचे यजमान, म्हणजे दाजी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय त्रेसष्ट, रोज पाच किलोमीटर चालणारे. गटात बत्तीस माणसे; बहुतेकांनी पन्नाशी ओलांडलेली. गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून विमानाने लेह. दिल्लीची उंची सातशे फूट, लेहची साडेअकरा हजार. हा चढ सव्वा तासात! पूर्वी यारकंदचे व्यापारी हीच उंची आठवडेच्या आठवडे चालून गाठीत, आणि तेवढ्या दिवसांत शरीर सवयीचे होई. लेहमध्ये श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशाहून कमी. खार्दुंग लावर जवळजवळ निम्मा. विमानाने येणाऱ्याने निदान ४८ तास स्वस्थ बसावे असे तिथले प्रशासन सांगते. आम्हाला पहिल्या दिवशी विश्रांती होती. दुसऱ्या दिवशी मात्र तीन गोंपा, एक राजवाडा, एक संगम आणि संध्याकाळी बाजार. ही विश्रांती!

तिसऱ्या दिवशी खार्दुंग ला. 'जगातील सर्वांत उंच मोटाररस्ता, १८,३८० फूट' असा फलक तिथे वर्षानुवर्षे होता. नव्या मोजणीत ही उंची सुमारे १७,५८० भरते, आणि त्याहून उंच रस्ते केव्हाच झाले. तरी ते आकडे छापलेले सदरे आजही खपतात. भूगोलाच्या पेपरात आठशे फुटांची चूक करणाऱ्या मुलाला मी शून्य देतो. इथे त्या चुकीसमोर छायाचित्रासाठी रांग होती. गटातल्या मंडळींनी फलकापाशी फेर धरला, ध्वनिवर्धकावर मराठी चित्रपटगीत लागले. चार फेऱ्या झाल्यावर एक बाई मटकन खाली बसल्या. दाजींना तिथेच पहिला खोकला आला.

हुंदरला उतरल्यावर बरे वाटले, कारण नुब्राचे खोरे दहा हजार फुटांवर आहे. तिथे वाळूच्या टेकड्या आहेत आणि दोन वशिंडांचे उंट. मध्य आशियाच्या व्यापारी तांड्यांबरोबर ते इथे आले, आणि १९४९ च्या सुमारास तो व्यापार थांबल्यावर इथेच राहिले. आज ते पर्यटकांना पाठीवर घेऊन पंधरा मिनिटांची फेरी मारतात. आमच्यातल्या एकाने विचारले, हे उंट राजस्थानातून आणले का? व्यवस्थापक म्हणाला, हो. मी काही बोललो नाही. सुट्टीतही मास्तरकी कशाला, असे वाटले.

चौथ्या दिवशी तुर्तुक. हे गाव १९७१ च्या डिसेंबरपर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होते. युद्धात भारताकडे आले. पर्यटकांना ते २०१० साली खुले झाले. जर्दाळूची झाडे हिरव्या फळांनी लदलेली, घराघरांमधून पाण्याचे पाट. दाजी त्या पाटांपाशी रेंगाळले; पाण्याला उतार किती नेमका दिला आहे म्हणून मला बोलावून दाखवू लागले. पाटाकडेला एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मोडक्या हिंदीत सांगू लागले, धाकटा भाऊ तेव्हा स्कर्दूला शिकायला होता, तो तिकडेच राहिला. आम्ही सीमाभागातली माणसे. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचे राज्य बदलले. याचा रात्रीतून देश बदलला होता. मी त्यांच्याजवळ बसणार, तोच शिट्टी वाजली. आमच्या पीटीच्या मास्तरांची असते तशी. तुर्तुकसाठी चाळीस मिनिटे होती, ती संपली होती. भावाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

शाळेबद्दलही विचारायचे राहिले. लडाखची मुले पिढ्यान्‌पिढ्या घरच्या भाषेत बोलून शाळेत उर्दूत शिकत आली, मग वरच्या वर्गात एकदम इंग्रजी, आणि मॅट्रिकला ढिगाने नापास. त्याविरुद्ध तिथल्याच तरुणांनी १९८८ साली चळवळ उभी केली. २०२५ मध्ये भोटी आणि पुरगी यांना राजभाषांत स्थान मिळाले. तुर्तुकची बाल्टी मात्र त्या यादीतील पाच भाषांत नाही. माध्यमाचा प्रश्न ज्यांच्या घरात रोज जेवायला बसतो त्या आपल्या लोकांनी हे विचारायला नको का? पण पत्रकात 'भाषा' हे स्थळदर्शन नसते.

पाचव्या दिवशी पँगाँग. दाजींचा खोकला वाढला होता. जिना चढताना ते थांबत होते. "मी इथेच राहू का रे?" असे त्यांनी मला सकाळी विचारले. मी म्हणालो, "दाजी, एवढे आलोय, तळे बघूनच जाऊ." हे वाक्य माझे आहे, कुठल्या कंपनीचे नाही.

पँगाँग सव्वाचौदा हजार फुटांवर आहे. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज सोळाशे-सतराशे फुटांहून अधिक वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा साधा नियम. आधी लेहला दोन रात्री झाल्या होत्या हे धरले तरी आम्ही तो नियम मोडला होता. संध्याकाळी तळे पाहिले. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? तंबूत पुरणपोळी होती. दाजींनी ताटाला हात लावला नाही.

रात्री अकराला आक्का मला उठवायला आली. दाजी आडवे होऊ शकत नव्हते. छातीत घरघर, ओठ निळे. व्यवस्थापक चोविसेक वर्षांचा मुलगा. त्याने पित्ताची गोळी दिली. प्राणवायू म्हणून जे होते ते डासांच्या फवाऱ्याएवढी डबी, पाच मिनिटांत संपली. या विकारात फुप्फुसात पाणी भरते, आणि त्यावर खरा उपाय एकच: ताबडतोब खाली उतरणे. पण पँगाँगहून लेहला उतरायचे तर आधी चांग ला ओलांडावी लागते, आणि ती साडेसतरा हजार फुटांवर आहे! अशा जागी साठीच्या माणसांना पाचव्या दिवशी झोपवायला नेण्याचा बेत जो आखतो, त्याने नकाशा पाहिलेला नसतो, किंवा पाहूनही छपाईला दिलेला असतो.

आम्हाला वाचवले ते आमच्या लडाखी ड्रायव्हरने. कुणाला न विचारता त्याने गाडी सुरू केली. "सकाळची वाट पाहू नका, सर," एवढेच तो हिंदीत म्हणाला. तांगत्सेच्या आरोग्य केंद्रात रात्री दोनला प्राणवायू मिळाला. सकाळी नळकांडे सोबत घेऊन चांग ला ओलांडली. तो घाट मी आयुष्यात विसरणार नाही. आक्का दाजींचा हात धरून बसली होती, आणि एकदाही माझ्याकडे पाहत नव्हती.

लेहच्या सरकारी रुग्णालयात दाजी पाच दिवस होते. बरे झाले. गट ठरल्याप्रमाणे सातव्या दिवशी परतला. मी नंतर कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले की प्रकृतीची जबाबदारी प्रवाशाची, तशी सही आपण केलेली आहे. सही होती खरी. मुलांना प्रश्नपत्रिका दोनदा वाचा म्हणून बजावणाऱ्या मुख्याध्यापकाने तो अर्ज एकदाही वाचला नव्हता.

त्या पाच दिवसांत आम्ही ड्रायव्हरच्या मावशीकडे राहिलो, लेहजवळच्या एका खेड्यात. तिने अंघोळीला एक बादली दिली आणि ती पुरली. संडास माडीवर, जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडे. खाली पडलेल्याचे वर्षाने खत होते आणि ते जवाच्या शेतात जाते. पाण्याचा थेंब लागत नाही. लेहच्या हॉटेलांत मात्र आमच्यासारख्यांसाठी कूपनलिका खणून फ्लशचे संडास झाले आहेत. मावशी सकाळी भाजलेल्या जवाचे पीठ चहात कालवून देई. आक्का म्हणाली, अरे, हे तर आपले सातूचे पीठ! आमच्या आईनंतर घरात कुणी ते केलेले नाही. पँगाँगवर पुरणपोळी खाल्ली असती तर ही ओळख पटली नसती.

मग लोक मला विचारतात, पर्यटक गेले नाहीत तर तिथली माणसे खातील काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या ड्रायव्हरचे सारे वर्ष उन्हाळ्यातल्या कमाईवर चालते, हे त्यानेच सांगितले. पण त्यालाच मी विचारले, तुला कोणता पर्यटक परवडतो? तो म्हणाला, जो एका गावात चार दिवस राहतो तो. धावणारा पर्यटक पैसे देतो तंबूच्या मालकाला आणि डिझेलला.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. जन्मभर काटकसर केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एवढीच रजा, एवढीच पुंजी, एवढीच हौस. ती एका आठवड्यात भागली तर तुमचे काय जाते? माझे काही जात नाही. पण हौस सात दिवसांची आणि मुलुख पंधरा दिवसांचा असेल तर मुलुख कापू नये, ठिकाणे कापावीत. श्रीनगरहून झोजी ला, कारगिल, लामायुरू करत मुक्काम घेत रस्त्याने जा. पँगाँग वगळा. होय, वगळा! लेहमध्येच आठ दिवस बसा. ते जमत नसेल तर त्या पैशात हंपी, बदामी, पट्टदकल दोनदा नीट पाहून होईल.

आमचे माजी विद्यार्थी मोटारसायकलींवर लेहला जातात, त्यांच्याविषयी वेगळा लेख लिहावा लागेल. २०२२ साली पँगाँगच्या पाण्यात मोटार घातलेली चित्रफीत देशभर फिरली, तेव्हा आमच्याच एका पठ्ठ्याने मला ती 'सर, भारी!' म्हणून पाठवली होती. त्याला दहावीला पर्यावरणात चांगले गुण होते.

दाजी आता ठीक आहेत. परवा म्हणत होते, तुर्तुकचे ते पाट पुन्हा एकदा बघायला हवेत, या वेळी रस्त्याने. आक्का काही बोलली नाही, उठून आत गेली. यंदाची पत्रके मी शिक्षक-खोलीतून उचलून माझ्या कपाटात ठेवली आहेत. सहशिक्षक नाराज आहेत. सवलतीची मुदत महिनाअखेरीस संपते म्हणतात.